पडद्यापलीकडे कोण बसलंय?

"बायोप्सीत गाठ मॅलिग्नंट आलीय," पडद्यावरचे मुंबईचे डॉक्टर म्हणाले. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची. माझ्या डाव्या स्तनात. मला हे कळलं त्याच क्षणी बाहेर बाकांवर बसलेल्यांनाही कळलं. स्पीकर मोठा होता आणि दार सताड उघडं.

भिवंडीतल्या त्या दवाखान्यात टेलिमेडिसिन तेव्हा नवीन होतं. मुंबईचे तज्ज्ञ कॅमेऱ्यातून पेशंट बघायचे. हेलपाटा वाचतो म्हणून मी खूश होते. पण मी शेलारला, आमच्या गावी, पोचायच्या आत शेजारच्या काकू आमच्या ओटीवर रडत बसल्या होत्या. सासूबाईंना त्यांनीच सांगितलं. ते मी सांगायचं होतं! माझा आजार, माझं घर.

ऑपरेशन मुंबईला झालं. टाके दाखवायला पुन्हा तीच खोली. या वेळी दार मी स्वतः लावलं. नवरा शेजारी होता.

"जखम दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी बटणं काढली. तेवढ्यात स्पीकरमधून शिंक ऐकू आली. डॉक्टर तर शिंकले नव्हते.

मी पदर ओढून घेतला. रागात गावची बोली तोंडात आली. "तिकडं आनखी कोन हाय?"

"आमचे विद्यार्थी आहेत. शिकायला बसलेत."

"मला इचारलं कोनी?"

"अहो, ते डॉक्टरच होणार आहेत."

"कॅमेरा फिरवा."

फिरवला. मुलामुलींनी बाकं भरली होती. इकडे कॉम्प्युटरवर बसलेल्या ऑपरेटरला मी विचारलं, "हे रेकॉर्ड पण होतंय?"

"सगळ्यांचंच होतं, मॅडम," तो सहज म्हणाला.

"बंद करा. माझं आधीचंही पुसा, आत्ता, माझ्यासमोर."

तो कुरकुरला. नवरा उठून त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला, तेव्हा कुठे पुसलं.

डॉक्टर म्हणाले, "चुकलं आमचं." त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मग जखम पाहिली, इन्फेक्शन ओळखलं, म्हणजे टाक्यांत पू धरत होता, आणि गोळ्या बदलल्या. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पण उपकार झाले म्हणून अब्रू त्यांच्या हवाली करायची नसते.

आज मी बरी आहे. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या बायांनो, बटणाला हात लावण्याआधी विचारा: तिकडे कोण आहे, रेकॉर्ड होतंय का, आवाज बाहेर जातोय का. लाजू नका.

त्या दिवशी बाहेर जाताना एक मुलगी कॅमेऱ्यापाशी थांबली होती. "ताई, मी थांबले तर चालेल?" मी हो म्हटलं. आधी विचारलं असतं, तर बहुतेक सगळ्यांनाच बसू दिलं असतं.