पश्चिमेकडची मोजणी

किडा दिसला की किंचाळणारी माणसं जालन्यात पुष्कळ आहेत. पण किडा दिसला नाही म्हणून जो कासावीस होतो, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायला होता. हे आमचे शेठजी कापडाचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आलेले, धर्म जैन, त्यामुळे मुंगी मारणं तर सोडाच, तिच्या वाटेत उभं राहणंही त्यांच्या जिवावर येई. एकदा कुंभार पिंपळगावची मंडळी लग्नाच्या बस्त्याला दुकानात बसलेली असताना नवरीच्या शालूवर एक हिरवा भुंगा येऊन बसला. शेठजींनी घडी घालणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरला. नवरीचा मामा वैतागला, "शेठ, जल्दी करा, आमची बस जाईल!" "बसू द्या हो त्याला," शेठजी शांतपणे म्हणाले, "तो बी पसंत करून राह्यला." भुंग्याची पसंती होईपर्यंत निम्मं वऱ्हाड समोरच्या दुकानात जाऊन बसलं होतं. शेठजींना त्याचं काही नाही. भुंग्याच्या पाठीवरचे ठिपके मात्र त्यांनी लगेच वहीत लिहून घेतले.

गावाच्या कडेला नगरपालिकेची जुनी वनराई होती. लिंब, करंज, शिरीष अशी झाडं, मधून एक पायवाट. दर रविवारी सकाळी शेठजी तिथे हजर; कधीकधी मलाही सोबत न्यायचे. झाडाखाली पांढरं मांजरपाट अंथरायचं, फांदीवर काठीने हलकेच दहा वेळा टकटक करायचं आणि पडलेले जीव मोजायचे. कोळी पडला तर त्याला वेगळं पान. आठ पायांचा माणूस आपल्या जमातीतला नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मोजून झालं की शेवटचा किडा स्वतःच्या पायांनी कापडावरून उतरेपर्यंत कापड हलवायचं नाही. एका आळशी ढेकण्या किड्याने आम्हाला एकदा पाऊण तास उन्हात उभं केलं. "झाडाकडं बघून काय कळतं, मास्तर?" ते म्हणायचे. "मुळं मेली तरी झाड दोन वर्षं हिरवं दिसतं. किड्याचं तसं न्हाई. रान बिघडलं की तो आधी उठून जातो."

नव्वदच्या आसपास नगरपालिकेने वनराईतला पाला झाडून जाळायला सुरुवात केली, आणि शेठजींची झोप उडाली. किड्यांची पिल्लं पाल्यात वाढतात, पाला गेला की किडे जाणार, मग पाखरं, मग झाडं, अशी त्यांची मांडणी. नगरपालिकेच्या साहेबांच्या दारात खेटे घालून त्यांनी एक तोड काढली: पायवाटेच्या पूर्वेला पाला राहू द्यायचा, पश्चिमेला झाडायचा, तीन वर्षं दोन्हीकडे मोजणी करायची आणि मग ठरवायचं. पण पश्चिमेकडे आपण मोजायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं. "तिकडं किडे कमी निघावे असं मला वाटतं ना, मंग माझी नजर कमीच मोजणार. तिथं बिलकुल सच्चा माणूस पायजे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी शाळेत मराठी शिकवायचो. सच्चा माणूस म्हणून गल्लीत माझा बोलबाला होता. तो कशामुळे झाला, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिले दोन रविवार मी खरंच मोजलं. पूर्वेला शेठजींचे चाळीस-पन्नास किडे आणि माझ्या कापडावर जेमतेम बोटांवर मोजण्याइतके. आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की बघा, पाला झाडल्याचा परिणाम. पण मला वाटलं, मी नापास झालो! कमी किडे म्हणजे आपली नजर कमी, असं गणित मी मांडलं. जन्मभर मुलांना गुण देणाऱ्या माणसाला स्वतःचे इतके कमी गुण दाखवायची लाज वाटली. तिसऱ्या रविवारी मी शेठजींची वही लांबून पाहिली आणि त्यांच्या आकड्यातून दोन-तीन वजा करून माझा आकडा लिहिला. पुढे तर कापड अंथरायचेही कष्ट घेतले नाहीत. करंजाखाली बसून पेपर वाचायचा आणि उठताना बेचाळीस, सदतीस, एकेचाळीस असं लिहायचं. खोटं वाटू नये म्हणून मधूनच एखादा कोळीही टाकायचो, तोही वेगळ्या पानावर.

तीन वर्षांनी नगरपालिकेत बैठक झाली. शेठजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दोन्ही वह्या उघडून त्यांनी बेरजा वाचल्या, पुन्हा वाचल्या, चष्मा काढून पुसला. मग उभे राहून म्हणाले, "साहेब, दोन्हीकडं बराबर निघाले. मी चुकलो. झाडा पाला." साहेबांनी चहा मागवला. मी तो प्यायलो.

त्यानंतर शेठजी वनराईत गेले नाहीत. दहा वर्षांत तिथली माती शेणाने सारवल्यासारखी टणक झाली, लिंब शेंड्याकडून वाळत आले. मी पाहत होतो आणि गप्प होतो.

पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी आमच्याकडे यायचे आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागायचे. एका वर्षी काठी टेकत आले, हात जोडून "मिच्छामि दुक्कडम, मास्तर" म्हणाले, आणि मला ते सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "सगळे आकडे?"

"पहिले दोन रविवार सोडून."

"त्या रविवारी किती होते?"

"एकदा तीन. एकदा पाच."

आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली. वर पाहिलं तर म्हातारा हसत होता. "तीन! मंग मी बराबर होतो की हो!" आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "वहिनी, ऐकलं का? मी चुकलो न्हवतो!" माझी बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला काहीच कळलं नाही, पण तीही हसली.

जाताना दारात थांबून म्हणाले, "तेवढं नगरपालिकेत सांगून द्या." मी म्हणालो, "सोमवारी जातो." त्यांनी नंतर दोनदा विचारलं, मी दोनदा सोमवार सांगितला. तिसऱ्यांदा विचारायला ते राहिले नाहीत.

त्या बैठकीतलं आता नगरपालिकेत कुणी नाही. म्हणून इथेच सांगतो: शेठजी बरोबर होते. पश्चिमेला पहिल्या रविवारी तीन किडे होते, दुसऱ्या रविवारी पाच. पुढचं मला माहीत नाही.