वाटणीला आलेल्या डब्या

माझ्या धाकट्या भावाचं तोंड मला बघायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शहापुरात आमचा दोघांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, हळदी, बारशी, पार मुरबाडपर्यंत कुठूनही बोलावणं आलं की आम्ही हजर. फोटो मी काढायचो, सांभाळायचा तो. मोठे फोटो हार्ड डिस्कांवर, आणि कुठला फोटो कुठल्या डिस्कवर ते सगळं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये, छोट्या छोट्या चित्रांसकट.

आमचं पटेनासं झालं तेव्हा वाटणी करायला मामा आले. सापगावची जमीन बांध घालून वाटली, तसाच त्यांनी स्टुडिओ वाटला. कॉम्प्युटर धाकट्याला, डिस्कांच्या "या डब्या" थोरल्याला. मी घसा फोडून सांगितलं, अशाने दोघांच्याही हातात काही राहत नाही. भावाने मात्र गुमान मान डोलावली. डब्यांवर त्याने कधी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एक नंबरचा बेरकी.

मग आई गेली.

भिंतीवर लावायला तिचा एकच धड फोटो होता. धसईला मावशीकडच्या हळदीत मी काढलेला, आई खळखळून हसतेय असा. एरवी कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढायची. सुतकात मी डिस्कमागून डिस्क लावत बसलो. लाखभर फोटो, नावं म्हणजे नुसते आकडे, आणि माझा लॅपटॉप एकेक उघडताना धापा टाकतो. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि भावाला फोन केला. तो म्हणाला, मला दिसतोय, पण नखाएवढा. मोठा तुझ्याकडेच आहे.

"नंबर सांग," मी म्हटलं.

"आधी डिस्का आणून दे, दादा. तसा नाय सांगत."

माझ्या वाटणीच्या डिस्का मी का देऊ? फोन आपटला. दहाव्याला आईचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती. येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे बघायचा, मग आम्हा दोघा फोटोग्राफरांकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाचीही मान खाली होती. बरं झालं, असंच मला वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज आला. कोपरा फुटलेली काळी डिस्क, आणि पुढे नंबर. बाकी एक शब्द नाही.

फोटो उघडला. आई हसत होती ती त्याच्याकडे बघून. त्याच्या गालाला हळद फासत होती. त्या गाढवाचं तोंड अगदी तिच्या तोंडाला लागून. हे मी साफ विसरलो होतो. कापायला बसलो, तर त्याला कापला की आईचा हातच जायचा. अख्खा लावावा, तर हार कसा घालणार? जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतं का कोणी? खरं सांगतो, घालावा असं क्षणभर वाटलंही.

बायको म्हणाली, "हार नका घालू. तसाच लावा."

तसाच लावलाय. रोज सकाळी दिवा लावताना त्याचं थोबाड बघावं लागतं. हार नाही म्हणून नवीन माणूस विचारतो, आई कुठे दिसत नाहीत? मग सांगावं लागतं. त्यावर तो विचारतो, आणि हे कोण? तेही मलाच सांगावं लागतं, माझा भाऊ.