ग्रंथालय आमच्या घरी राहायला आलं तेव्हा

मी भूगोल शिकवत होतो, म्हणून गारपिटीची जबाबदारी माझ्याकडे आली.

नव्वदच्या आसपासचा जानेवारी. रेडिओवर गारांचा इशारा ऐकून भोकरदनकडच्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांनी तातडीची बैठक घेतली. "हवामान तुमच्याच विषयात येतं ना?" त्यांनी मला विचारलं. (येतं. पण पुस्तकात येतं.)

मी भारावलो. तासाभरात सूचना लावली: वसतिगृहाच्या खिडक्या बंद ठेवा, सायकली व्हरांड्यात घ्या, गारा पडताना झाडाखाली थांबू नका. राहिलं ग्रंथालय. त्याला पत्र्याचं छप्पर, अन् आवारातल्या आमच्या क्वार्टरला सिमेंटचा स्लॅब. मी सगळी पुस्तकं माझ्या घरी हलवायला सांगितली.

ग्रंथपाल शेखचाचा म्हणाले, "सर, पत्रा पुराना हाय, पर गळत न्हाई. राहू द्या."

"चाचा, निसर्गापुढं पत्र्याचं काय चालतं?"

पोरांनी रांग लावून पुस्तकं आणली. बाहेरच्या खोलीत इतिहास, मधल्या खोलीत विज्ञान, स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीला टेकून कविता.

"अहो, मंग आपण बसायचं कुठं?" शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

गच्चीवर तिची तूर वाळत होती. तिच्यावर मी ताडपत्री टाकली. एक कोपरा वाऱ्यानं सारखा उडत होता, तो पाणी जायच्या भोकात गच्च कोंबला. (या युक्तीचं मला बराच वेळ कौतुक वाटत होतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला धो धो पावसासकट गारा आल्या. लिंबाएवढ्या. वीस मिनिटांत मैदान पांढरं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला, तेवढ्यात शालिनीची हाक आली.

"अहो, जिन्यावरून पाणी उतरून राह्यलंय."

गच्चीचं तळं झालं होतं, अन् ते पायरी पायरीनं थेट इतिहासात शिरत होतं. मी वर धावलो, ताडपत्री उपसली. खाली येऊन पाहिलं तर दोन खोल्यांत घोटाभर पाणी. आता नोकरी गेली, एवढंच डोक्यात आलं. मी जिन्यावर बसून राहिलो.

शालिनी बसली नाही. ती वसतिगृहात गेली अन् म्हणाली, "पोरांनो, जल्दी चला. सरांनी पुस्तकं बुडवली."

सगळं आवार आलं. मुलींनी ओढण्यांनी पानं टिपली, कुणी कोळशाची इस्त्री आणली. पुढं तीन दिवस मैदानात सतरंज्यांवर पुस्तकं वाळली. पानं सारखी उलटावी लागत, म्हणून प्रत्येक सतरंजीवरच्या पुस्तकांपाशी एकेक जण बसवला. अन् बसून बसून पोरं ती वाचायला लागली. टेंभुर्णीचा एक जण शेखचाचांकडं गेला, "चाचा, ह्याचा दुसरा भाग हाय का?" चाचांनी चष्मा पुसला. वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

पुस्तकं वाचली, फक्त पुरीसारखी फुगली. ती परत ठेवायला गेलो तर ग्रंथालयात थेंबभर पाणी नव्हतं. चाचांनी मोकळ्या कपाटावरून बोट फिरवलं अन् कोरडी धूळ मला दाखवली.

त्या वर्षी ग्रंथालयात बसायला जागा मिळेना. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी 'पुस्तकं विद्यार्थ्यांपर्यंत नेणारे प्राध्यापक' म्हणून माझा सत्कार केला. पहिल्या रांगेत शालिनी अन् शेखचाचा शेजारीशेजारी बसले होते. मी शाल-नारळ घेतला अन् मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.