ट्राम कंडक्टर घरी येतो का?

थाप मारायलाही अभ्यास लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. प्राची, म्हणजे माझी बायको, लग्नापासून सांगतेय. पण ऐकेल तो मी कसला? त्याची कशी फजिती झाली ते ऐकाच आता. चहा घ्या आधी, गार होईल.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. शेजारी इलोनाबाई. वय ऐंशीच्या घरात, मूळच्या हंगेरीच्या, लहानपणी आईचा हात धरून इंग्लंडला आलेल्या. आमचं बोलणं इंग्रजीत, पण तुम्हाला मराठीतच सांगतो, मराठीत त्या जास्त शोभतात.

एका शनिवारी त्या कुंपणाशी गुलाब छाटत होत्या आणि मी बंद पडलेल्या लॉनमोवरकडे बघत उभा होतो. त्यांनी सहज विचारलं, जुने हंगेरियन सिनेमे कधी पाहिलेत का. आता साधं 'नाही' म्हणायला काय झालं होतं? पण मी पडलो पुण्याचा! म्हटलं, अहो, पाहिलेत म्हणजे काय, कॉलेजात मी फिल्म क्लबचा मेंबर होतो.

हे खोटं नाही हं. मेंबर होतोच. क्लबच्या हॉलला एसी होता आणि माझ्या हॉस्टेलच्या खोलीत पंखासुद्धा धड नव्हता. पडद्यावर काळीपांढरी बाई खिडकीतून बाहेर बघायला लागली, की माझा डोळा लागलाच म्हणून समजा. युरोपातले थोर थोर सिनेमे मी असे झोपून काढलेत.

इलोनाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी एका सिनेमाचं नाव घेतलं, मला उच्चारताही येणार नाही असं. गोष्ट बुडापेस्टच्या एका ट्राम कंडक्टरची. युद्धातून कसाबसा वाचून घरी आलेला, बायको आहे, लहान मुलगी आहे. एक दिवस ट्राममध्ये कुणीतरी सरकारवर विनोद करतं, हा हसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पकडून नेतात. हा पाहिलायस का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोनदा!

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "माझ्या वडिलांनाही असंच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "शेवटी तो घरी येतो का रे?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलला असतात तुम्ही? माझ्या तोंडून निघून गेलं, "येतो ना!" बरं, तिथं तरी थांबावं? नाही! हातात फुलं घेऊन येतो, मुलगी धावत सुटते, बायको दारातच रडायला लागते. देव्हारा आणि निरांजन तेवढं घालायचं राहिलं.

इलोनाबाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरमध्ये आमच्या हंगेरियन ग्रुपनं हाच सिनेमा ठेवलाय. मला एकटीला तो बघवत नाही, तू शेजारी बसणार असलास तर येते. आणि एवढा जाणकार आहेस, तर सुरुवातीला दोन शब्द तूच बोल.

घरी येऊन प्राचीला सांगितलं. तो परत येतो कशावरून, तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं हीरो आहे, येईलच की.

"हंगेरियन आहे तो," प्राची म्हणाली. "हिंदी नाही."

आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं, पण सिनेमा काही सापडेना. शेवटी प्राचीनं बटाटेवडे करायला घेतले. म्हणाली, तिथं निदान खायला तरी काहीतरी खरं नेऊ या.

रविवारी हॉल पांढऱ्या केसांनी भरलेला. मी दोन शब्द बोललो. 'मानवी मूल्यं' असं पाच-सहा वेळा म्हणालो, टाळ्याही पडल्या. दिवे गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अशा सिनेमात टक्क जागा राहिलो.

कंडक्टरला नेलं. त्याचा ओव्हरकोट खुंटीला तसाच. बायको दर रविवारी तो झटकून, ब्रश करून परत अडकवायची. वर्षं गेली, मुलगी वाढली, पण कोट जागेवर होता आणि माझी आशाही. मग एका थंडीत बायकोनं तो खाली काढला, घडी केली आणि बाजारात नेऊन विकून टाकला. कोट विकला म्हणजे माणूस येत नाही, हे कळायला काही फिल्म क्लब लागत नाही.

शेजारी इलोनाबाई टक लावून बघतायत. आता यांचं मन मोडणार, तेही माझ्यामुळे! मी ताडकन उठलो, दिवे लावले आणि ओरडलो, "इंटरव्हल!"

या देशात सिनेमाला इंटरव्हल नसतो हो. म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. आमच्याकडे अशी पद्धत आहे, मी रेटून सांगितलं आणि वड्यांचे डबे उघडले. वास सुटल्यावर सगळे निमूट रांगेत उभे राहिले, रांगेच्या बाबतीत एव्हाना पक्के इंग्रज झालेले. मी हळूच प्रोजेक्टर चालवणाऱ्या आजोबांना गाठलं आणि उरलेला भाग पुढच्या रविवारी दाखवू या का, असं विचारलं. ते म्हणाले, जेमतेम पाच मिनिटांचा उरलाय.

इलोनाबाईंनी माझी खुर्ची थोपटली. "बस," म्हणाल्या.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. दारावरची घंटा वाजली. मी खुर्चीत पुढे सरकलो, आला वाटतं! बायकोनं दार उघडलं. शेजारीण, उसना नेलेला वाडगा परत द्यायला आलेली. दार बंद झालं, खिडकीखालून ट्राम गेली, आणि संपला सिनेमा.

दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये रडणारा मी एकटाच. बाकीचे उरलेले वडे संपवत होते. इलोनाबाईंनी त्यांचा पेपर नॅपकिन माझ्या हातात दिला, चटणी लागलेला. मी म्हटलं, माफ करा, मी हा सिनेमा पाहिलाच नव्हता.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी कितीदा तरी पाहिलाय."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी लंडनला आईबरोबर हा सिनेमा बघायला जायच्या. शेवट जवळ आला की यांना सोसायचं नाही, उठून बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. आई शेवटपर्यंत बसायची आणि मग बाहेर येऊन सांगायची, आला गं तो. आई गेल्यावर एकदा यांनी एकटीनं सगळा पाहिला, तेव्हा कळलं.

"मग मला कशाला विचारलंत?"

"'येतो' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. मग मी नाक पुसेपर्यंत थांबल्या. "पण आई तुझ्यापेक्षा कितीतरी छान खोटं बोलायची. ती सांगायची, आला, आणि सूप गार झालंय म्हणून कुरकुरायला लागला. माझे बाबा अगदी असेच होते. तुरुंगातून फुलं घेऊन कोण येतं?"

रात्रभर मला चैन पडेना. सकाळी प्राची म्हणाली, नीट जाऊन माफी माग, आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पटलं. सुपरमार्केटमधून ट्युलिपचा मोठ्ठा गुच्छ आणला आणि इलोनाबाईंच्या दाराची घंटा वाजवली.

त्यांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग फुलांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कुठल्या तुरुंगातून सुटलास?"