त्याच्या नावची मूठ

मी आयुष्यात एकच पत्र खोटं लिहिलं, आणि ते असं झकास जमलं की त्याची शिक्षा मला अजून पुरते आहे.

मध्यंतरी जळगावच्या एका शाळेनं वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. निवृत्त मास्तर म्हटला की शाल-नारळ देऊन कुठंही बसवता येतो. विषय होता : देशकार्यासाठी पुढाऱ्यानं खोटं बोलणं योग्य की अयोग्य. ‘योग्य’ या बाजूनं एक मुलगी फार सुरेख बोलली. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस तिलाच द्यावं लागलं, कारण बोलली होतीच तशी. घरी आलो आणि न जेवता पडून राहिलो. सून म्हणाली, पित्त झालं असेल. म्हटलं, हो बाई, पित्तच.

गोवा पोर्तुगीजांकडं होता तेव्हाची गोष्ट. मी धुळ्याला एका शाळेत नुकताच लागलो होतो. सकाळी शाळा, दुपारी भाऊंचं कार्यालय. भाऊ म्हणजे आमच्या भागातले सत्याग्रहाचे पुढारी. त्यांचं नाव मी सांगणार नाही, आणि त्यांना लबाडही म्हणणार नाही. बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेला माणूस. दोन धोतरं, एक कोट, आणि लोकांच्या घरी चहा घ्यायचा तर आधी विचारायचे, साखर रेशनची आहे का. माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून पत्रकं लिहायला मी. अक्षराचा मला भारी माज होता तेव्हा.

माझा एक मित्र होता. धुळ्यापासून आठ मैलांवरच्या गावचा, शेतकऱ्याचा पोरगा. मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. बाप लहानपणीच गेला. घरात आई, नवी नवी बायको, काका आणि काकांची दोन मुलं. गोव्याच्या पहिल्या तुकडीत दोघांनी मिळून नावं दिली होती. निघायच्या आदल्या दिवशी भाऊंनी माझं नाव खोडलं. म्हणाले, “तू गेलास तर पत्रकं कोण लिहील?” मी तोंडदेखलं भांडलो. मनातून बरं वाटलं, हे आज कबूल करायला काय हरकत आहे. तो एकटा गेला. मोटार सुटताना खिडकीतून ओरडला, “मायकडे जात जा रे!”

ज्येष्ठात भाऊ सीमेवरून परत आले. दुपारची वेळ, कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं. दार लोटून घेतलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “तुझा दोस्त गेला.”

मला वाटलं, हद्दीपलीकडं गेला.

“हगवण-उलटी,” भाऊ म्हणाले. “छावणीतलं पाणी वाईट. दोन दिवसांत खलास. तिथंच खाडीच्या काठी अग्नी दिला. हद्द ओलांडलीच नाही त्यानं.”

मी रडलो. भाऊही रडले. खोटं नाही सांगत, त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि कामाचं बोलायला लागले. दुसरी तुकडी निघायची होती. चाळीस पोरं, धुळ्याची, जळगावची, थेट रावेर-चोपड्यापर्यंतची. “गोळीनं मेला असता तर उद्या गावोगाव सांगितलं असतं,” ते म्हणाले. “पण हगवणीनं मेला म्हणून सांगू? एकही आई पोराला घराबाहेर सोडायची नाही. पंधरा दिवस थांब. तुकडी गेली की मी स्वतः त्याच्या मायसमोर जाऊन सांगतो. तोवर तिला एक पत्र जाऊ दे. पकडलाय, तिकडच्या तुरुंगात आहे, खुशाल आहे. त्याचं अक्षर तुला येतं ना?”

येतं ना! एका बाकावर बसलेलो आम्ही. त्याचा वाकडा ‘ल’, ओळ संपताना वर चढणारं अक्षर, सगळं येत होतं. मी नाही म्हणालो का? नाही म्हणालो. एकदा. मग भाऊ म्हणाले, “देशापुढं पंधरा दिवस काय आहेत?” आणि मी टाक उचलला.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळं दुखणं इथं आहे. भाऊंनी सांगितलं तेवढं मी लिहिलं. लिहून वाचलं तर ते पत्र पत्रकासारखं वाटत होतं. कोरडं ठाक. आईला लेकाचं वाटेल असं त्यात काहीच नव्हतं. माझ्यातला लेखनिक खवळला. मी आणखी एक ओळ घातली : ‘माय, कानबाईच्या रोटात माझी मूठ विसरू नको.’

बाहेरच्या वाचकाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचा रोट, म्हणजे जाड गोड पोळी, करायचा तर घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. तान्हं पोर असलं तरी त्याची मूठ. कुणी परगावी असला तरी त्याची मूठ. फक्त माणूस जिवंत पाहिजे. मेलेल्याची मूठ कधी धरत नाहीत, ते फार अभद्र. आणि तो रोट फक्त त्या घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. परक्याच्या तोंडात त्याचा तुकडाही जात नाही.

पत्र घेऊन मीच गेलो. सुटून आलेल्या एका माणसाबरोबर चोरून आलंय, असं सांगितलं. मायला अक्षरओळख नव्हती. तिनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, परत माझ्याकडं दिलं. मी वाचलं. त्याची बायको दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. मुठीची ओळ आली तशी माय हसली आणि रडायला लागली.

“त्याले तठे खावाले देतस का?” तिनं विचारलं.

“देतस माय,” मी म्हणालो.

“आखो एक डाव वाच.”

पुन्हा वाचलं. मग काका आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. घरी यायला निघालो तर तिनं माझ्या हातात शेंगा बांधून दिल्या. त्या मी वाटेत फेकून दिल्या.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, तुकडी काही निघेना. आज वरून निरोप नाही, उद्या मोटारींची सोय नाही. मी भाऊंच्या मागं लागलो, “आता सांगा, मला तिच्याकडं जाववत नाही.” ते म्हणायचे, “जरा दम धर.” मी धरला. अशा वेळी दम धरायला काय लागतं? काही लागत नाही.

आणि कानबाई आली. मायनं मुद्दाम निरोप पाठवला होता, पोरगा नाही तर त्याचा दोस्त तरी घरात दिसू दे. सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. आत सारवलेल्या जमिनीवर सूप, सुपाशेजारी गव्हाची पाटी. अंगावर धुवट लुगडं, डोक्यावर पदर. एकेकाचं नाव घेत माय मुठी टाकत होती. काकांची झाली. काकांच्या दोन्ही पोरांची झाली. मग तिनं हात पाटीत खोल घातला, चांगली गच्च मूठ भरली, माझ्याकडं बघून म्हणाली, “हाई मूठ मना पोऱ्यानी,” आणि त्याचं नाव मोठ्यानं घेतलं. वर पाव मूठ आणखी सोडली.

एका हाकेवर होती ती. “माय, थांब,” एवढंच म्हणायचं होतं. तो खाडीकाठी जळून दोन महिने झाले होते.

रोट पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो, शिळा ठेवत नाहीत. मायनं मात्र त्याच्या वाट्याचा रोट उन्हात वाळवला आणि फडक्यात बांधून खुंटीला टांगला. म्हणाली, सुटीसन उना का खाईन. सुटून आला की खाईल.

पुढच्या आठवड्यात तुकडी गेली. आणि मग भाऊंनी काय केलं? मायकडं जाऊन खरं सांगितलं? छे! धुळ्यात सभा घेतली. माझा मित्र तुरुंगातून सुटून पुन्हा हद्दीत घुसला आणि छातीवर गोळी झेलून पडला, असं हजारो लोकांसमोर सांगितलं. तारीख कानबाईनंतरची. मायला व्यासपीठावर बसवलं होतं. तिच्या गळ्यात हार घातला. कपाळ पुसलेल्या सुनेला शेजारी बसवलं. मी सभेच्या मागच्या टोकाला उभा होतो, आणि पहिला विचार काय आला सांगू? सुटलो, असं वाटलं. या तारखेनं मूठ तरी जिवंत माणसाची ठरली. इतका मी नासलो होतो.

सभेनंतर मात्र भाऊंना गाठलं. तोंडाला येईल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, “तिला हगवणीनं मेलेला पोरगा हवाय की हुतात्मा? आणि चाळीसातलं एक पोर मागं फिरलं नाही. तू मला सांग, यात मी माझ्यासाठी काय घेतलं?” काही घेतलं नव्हतं. त्याचाच तर मला आज जास्त संताप येतो. स्वतःसाठी थापा मारणाऱ्याला निदान चोरटेपणा असतो, पोट भरलं की तो थांबतो. भाऊंना रात्री शांत झोप लागत असणार. पुढच्या निवडणुकीत ते उभे राहिले, पत्रकावर माझ्या मित्राचा फोटो छापला. ते निवडून आले. त्या पत्रकाचा मजकूर मी लिहिला नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

दसऱ्याच्या आसपास दुसऱ्या तुकडीतला एक जण घरी परतला. तो मायच्या शेजारच्या गावचा. छावणीत त्याला हगवणीचं, ज्येष्ठातलं सगळं कळलं होतं, खाडीकाठची जागाही त्यानं पाहिली होती. भोळा माणूस, त्याला वाटलं मायला ठाऊकच असेल. जाऊन सांत्वन करून आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, मास्तर, कुणी बाई आल्यात. माय शाळेच्या फाटकाशी लिंबाखाली उभी होती. आठ मैल चालत आली होती, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. ओच्यातून तिनं ते पत्र काढलं.

“हाई पत्र कोनी लिखं?”

“मी,” म्हणालो.

“काब्र?” तिला कारण हवं होतं.

“भाऊनी सांगं, माय.”

तिनं मान हलवली. जसं काही हे तिला समजत होतं. मोठी माणसं सांगतात, लहान माणसं करतात. तिनं आयुष्यभर तेच पाहिलं होतं. मग तिनं हळूच विचारलं, “मूठनंबी भाऊनीच सांगं का?”

पोरं मैदानात हुतूतू खेळत होती. मी खाली बघत होतो. हो म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता.

“नही,” मी म्हणालो. “ते मी लिखं.”

तिनं काखेतलं फडकं सोडून माझ्यापुढं धरलं. आत तो वाळलेला रोट होता, लाकडासारखा, कडेला बुरशी आलेली.

“हाई बठ्ठं तूच खा,” ती म्हणाली.

परक्यानं खायचा नसतो तो रोट. हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. मी तिथंच मातीत बसलो आणि खायला लागलो. दात लागत नव्हते, तोंडातल्या तोंडात भिजवून गिळत होतो. घंटा झाली, पोरं वर्गात गेली. शेवटचा तुकडा पोटात जाईपर्यंत ती समोरून हलली नाही. मग तिनं फडकं झटकलं, घडी घातली आणि गावच्या रस्त्याला लागली.