बायोडाट्यातली धाव

बैहरच्या सरकारी कार्यालयात हेमराज चिकटला, तो थेट खुर्चीलाच. वय अठ्ठावीस, पोट मात्र निवृत्तीला आलेल्या साहेबाचं. घरापासून ऑफिस तीनशे पावलं, तरी जायला बाइक. तहान लागली की आई शेवंताबाई हातात तांब्या आणून देणार. माणूस अगदी सुखी होता.

मग मयुरीचं स्थळ आलं. पोरगी बिरसाकडे वनरक्षक, कॉलेजात असताना धावपटू. कॉलेजातल्या एका सरांनी धावणाऱ्या आणि बसणाऱ्या पोरांचं रक्त तपासलं होतं. अंगात आतून सूज आहे का, ते सांगणारा सीआरपीचा आकडा बसणाऱ्यांचा जास्त निघाला. ते मयुरीनं मनात धरून ठेवलं होतं. तिनं निरोप धाडला: पत्रिका राहू द्या, सीआरपीचा रिपोर्ट आणा.

हेमराजला ती फोटोतच इतकी आवडली होती, की दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. त्याच्या घरात ही मोठीच बातमी. बायोडाट्यात मात्र त्यानं 'छंद: रोज पाच किलोमीटर धावणे' असं ठोकून दिलं होतं. आता रक्तानं चुगली करू नये, म्हणून पठ्ठ्यानं तपासणीच्या आदल्या दिवशी ते पाच किलोमीटर एकदाचे उरकून टाकले. शाळेतही वर्षभराचा अभ्यास तो असाच उरकायचा.

आकडा हद्दीच्या तिप्पट आला.

दोन दिवसांनी मायलेक पोरगी पाहायला गेले. पोह्यांच्या बशा ठेवून मयुरीनं आधी रिपोर्ट वाचला.

"रोज धावता ना तुम्ही? मंग एवढी सूज काहून? काही बिमारी तर नाही?"

"बिमारी कायची!" शेवंताबाई उसळल्या. "माह्या पोराले मी पाण्यासाठी बी उठू देत नाही."

हेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आजारी ठरण्यापेक्षा आळशी ठरलेलं बरं.

"तपासणीच्या आदल्या दिवशी पयल्यांदाच धावलो," तो पुटपुटला. "पोटऱ्या अजून ठणकून राह्यल्या."

"हौ, सवय नसली की चढते आकडा. म्हणजे रिपोर्ट खरा हाय, बायोडाटा खोटा." मयुरीनं कागद परत दिला. "दोन हप्त्यानं पुन्हा तपासा. तोवर धावू नका, रोजच्यासारखे बसून राहा. तुमचा खरा आकडा मले तवाच समजन. मंग सांगतो हौ का नाही ते."

जन्मात पहिल्यांदा हेमराजला बसायची भीती वाटली.