नाक माझं, हात तिचे

एप्रिल सरत आला, कॅनडातल्या स्कारबरोच्या आमच्या घरामागचा बर्फ वितळला, की मला हाक यायची. "अहो, जरा वास घ्यायला येता का?"

बायकोला वासच येत नसे. सायनसच्या जुन्या दुखण्याने तिचं नाक कामातून गेलं होतं. आणि घरामागे तिने लावलेल्या आयरिसच्या फुलझाडांचा गड्डा सडायला लागला की सगळ्यांत आधी नाकालाच कळतं. आल्यासारखे दिसणारे हे गड्डे अर्धे मातीच्या वरच असतात. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं असं सुरू झालं की त्यांना कुठेतरी चीर जाते, ओल शिरते आणि आतला गर लिबलिबीत होतो. वर पानं हिरवीगार, खाली मात्र सडक्या बटाट्यांच्या पोत्याला लाजवील असा वास. जन्मभर इंजिनिअर म्हणून मिरवलेला मी चिखलात गुडघे टेकून एकेक गड्डा हुंगत जायचो. मी "हा" म्हटलं की ती आमटीच्या जुन्या चमच्याने सडका भाग कोरून काढायची आणि जखमेवर हळद दाबायची.

"अगं, त्याचा काय गुडघा फुटलाय?"

"तुम्ही फक्त वास घ्या."

मग जखम तशीच उघडी, उन्हात वाळायला सोडायची. गुण हळदीचा की उन्हाचा, हा आमचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

जूनमध्ये फुलं आली की पुन्हा हाक. "कसा येतोय?"

"काळ्या द्राक्षांसारखा," मी सांगायचो. संध्याकाळी चहाला कुणी आलं की ती त्यांना ठणकावून सांगायची, आमच्या आयरिसला काळ्या द्राक्षांचा वास आहे म्हणून. जणू स्वतः घेतलाय. मला हसू यायचं, आणि छातीही फुगायची.

गेल्या थंडीत ती गेली. यंदा बर्फ वितळला तेव्हा मी आपणहून मागे गेलो, तर पायरीवरच तो वास आला. सडला होता तो नेमका जांभळा. विंडसरचं भाड्याचं घर सोडताना तिने बादलीत घालून, मांडीवर धरून आणलेला. बाकीचे सगळे गेले असते तरी मी हळहळलो नसतो. हा मला हवा होता.

मार्कहॅमहून मुलगा आला होता. तो म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ प्लांट. वी कॅन गेट न्यू वन्स."

"नवीन तुझ्या घरी लाव," मी खेकसलो. तो आत गेला. थोड्या वेळाने आतून हळदीचा डबा घेऊन आला. मी मागितला नव्हता.

चमचा हातात घेतला आणि माझी पंचाईत झाली. किती कोरायचं, कुठे थांबायचं, हे तिचे हात जाणत होते. मी थोडं कोरायचो, वाकून हुंगायचो, पुन्हा कोरायचो. वास थांबला तेव्हा मुठीएवढा तुकडा आणि पानांचा एकच झुपका उरला होता. त्यावर हळद दाबली. पुढे पाऊस आला की मी त्याच्यावर छत्री रोवून ठेवायचो. शेजारी कुंपणावरून बघायचे. बघेनात का.

जूनमध्ये दांडा आला. एकच. त्यावर एका सकाळी फूल उमललं, तेच जांभळं. मी चहा तसाच ठेवून बाहेर गेलो, गुडघे टेकले आणि वास घेतला. सवयीने उत्तर ओठांवर आलं आणि मी थांबलो. मला तिची हाक हवी होती, त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं. बराच वेळ मी तिथेच बसलो. कुणी विचारलं नाही.

शेवटी मीच सांगितलं, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "काळ्या द्राक्षांसारखाच येतोय गं."